मी वर हाव, लाईन सोडू नका

मी एक शब्द काढायला लावला आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी एका माणसाचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगू म्हटलं की मी शब्दांचे खेळ करायला लागते. आयुष्यभर मराठी शिकवल्यावर ती खोड अंगात मुरलेली असते.

मी वाशीमची. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं, वह्या तपासल्या, पोरांचे कान धरून त्यांच्या डोक्यात व्याकरण घालायचा प्रयत्न केला. आंतरराष्ट्रीय वगैरे काही माझ्या पत्रिकेत नव्हतं. पण मोबाईलवर लोक कसं लिहितात यावर मी एक लांबलचक लेख कुठल्याशा संकेतस्थळावर टाकला होता. तो फिरत फिरत एका थंड देशातल्या बाईंपर्यंत पोचला. त्या जगभरच्या भाषांमधल्या डिजिटल साहित्याचं एक मोठं संकलन उभं करत होत्या. कागदावर छापताच येणार नाही असं साहित्य, असा त्यांचा नियम. मराठीची संपादक व्हाल का, असं त्यांनी विचारलं. मी आधी 'विचार करून सांगते' असं लिहिलं आणि दहा मिनिटांत होकार पाठवला.

इतर भाषांतले नमुने पाहून मी चाट पडले. एका कवितेतली अक्षरं बोट उचललं की गळून पडायची. एक गोष्ट वाचणाऱ्याच्या फोनची बॅटरी संपत आली की घाईघाईनं शेवटाकडे पळायची. मराठीत मात्र मी आवाहन केलं तेव्हा माझ्याकडे आलं काय? गुलाबाच्या फोटोवर लिहिलेल्या चारोळ्या. पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून, ढीगभर. महिनाभर मी ते गुलाब चाळत बसले आणि रोज कुणावर तरी चिडत राहिले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या कॉलेजचा शिपाई स्टाफरूमच्या दाराशी स्टुलावर बसून फोनकडे बघत गालातल्या गालात हसायचा. एकदा मी रागानंच विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "पाहा ना मॅडम, आमच्या गावचा लाईनचा ग्रुप हाय."

त्याचं गाव किन्हीराजाच्या अलीकडे, फाट्यापासून आत. गावाच्या ग्रुपवर लाईन, म्हणजे वीज, कधी येणार, कधी जाणार, कुठल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, काम चालू आहे, हे कळवलं जायचं. कळवणारा गावचा झिरो वायरमन. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, पण गावातला प्रत्येक फ्यूज ज्याच्या हातचा असतो, त्याला आमच्याकडे झिरो वायरमन म्हणतात. त्याच्या नोटिशी अशा असायच्या: "नाल्याकडची डीपी. काम चालू. बारा ते साडेबारा. कोनी दांडा वर करू नये." आणि अधूनमधून, वर 'गोष्ट' एवढा एकच शब्द लिहून, खाली दुसरंच काहीतरी असायचं.

"गोष्ट. मी वर हाव. तुमच्या घरातले दिवे मोजून राह्यलो. एक कमी हाय. लाईन सोडू नका."

"गोष्ट. मी वर हाव. मले उतरवाले कोनी आलं नाई. खाली तुमी हरबरा पेरला ना? हिरवा दिसते. लाईन सोडू नका."

खांबावर मेलेला एक वायरमन अजून वरूनच गावाला निरोप पाठवतोय, अशी ती गोष्ट होती. दोन वर्षं चालू होती. प्रत्येक निरोपाची सुरुवात आणि शेवट तोच. मधल्या दोन-तीन वाक्यांत माझ्या अंगावर काटा आला. खाली गावकऱ्यांची उत्तरं: "च्या आनू का वर?" "थंडी हाय, सेटर घाल बापा." भीती आणि टवाळी एकाच पानावर. हे कागदावर छापून चाललं नसतं, कारण ज्या ठिकाणी खरी नोटीस येते त्याच ठिकाणी ती गोष्ट येत होती. मी उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि शिपायाचा फोन त्याला परत द्यायला विसरले.

पुढच्या रविवारी मी एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे ऑटोनं त्या गावात गेले. लेखक चाळिशीचा, सडपातळ, बोलायला संकोची. त्याच्या बायकोनं चहा दिला आणि दाराच्या आत उभी राहून सगळं ऐकत होती. मी त्याला विचारलं, हे सुचलं कसं?

"माह्या आंधी एक वायरमन होते," तो म्हणाला. "ते वरतच गेले. त्यायचं नाव काढलं का लोक गप होतेत. मंग म्या त्यायले बोलतं केलं."

"आणि 'लाईन सोडू नका' हे दरवेळी?"

"ते तं माह्यं रोजचं हाय मॅडम. वर चढाच्या आंधी मी तेच सांगतो सगळ्यायले."

त्यानं मला कामाची रीतही समजावली. पूर्वी डीपीचा दांडा खाली ओढून लाईन बंद केली की त्याला आपली दस्ती, म्हणजे हातरुमाल, बांधायची. दांड्याला कुणाची दस्ती दिसली की त्याला हात लावायचा नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. ग्रुप आल्यावर दस्ती मागे पडली. निरोप गावभर एका क्षणात पोचतो, मग दस्ती कशाला? मला ते ऐकताना मोठी गंमत वाटली. मी वहीत लिहून घेतलं की इथे मजकुरानं वस्तूची जागा घेतली आहे. असली वाक्यं मी त्या दिवसांत फार लिहीत होते.

त्या थंड देशातल्या मुख्य संपादक बाई तर वेड्याच झाल्या. हे निव्वळ जुने निरोप म्हणून ठेवायचं नाही, त्या म्हणाल्या, हे चालू असताना दाखवायचं. ग्रुपमध्ये संकलनाचा एक नंबर घालायचा, प्रत्येक निरोप आपोआप त्यांच्या पानावर जाईल, लगेच इतर भाषांत दिसेल. दूरच्या देशातला वाचक आणि गावातला शेतकरी एकाच वेळी वाचतील. हंगाम संपला की पान गोठवायचं आणि कितीतरी देशांच्या ग्रंथालयांत त्याची प्रत ठेवायची. त्यानंतर एक स्वल्पविरामही बदलता येणार नाही.

फक्त एक अडचण त्यांना खुपत होती. तो वरचा शब्द. 'गोष्ट.' "दार उघडायच्या आधीच आत कोण आहे ते सांगून टाकतो हा शब्द," त्या म्हणाल्या. "तो काढता येईल का?"

मी विरोध केला, असं मला लिहायला आवडलं असतं. मी अर्धा मिनिट गप्प बसले, एवढाच माझा विरोध. खरं सांगायचं तर तो शब्द मलाही पहिल्या दिवसापासून खटकत होता. मी स्वतः वहीत त्याच्याभोवती लाल गोल काढून ठेवला होता. त्यांनी बोलून दाखवलं आणि मला बरंच वाटलं.

मी पुन्हा गावात गेले. विहाराच्या पायऱ्यांवर सभा भरली. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या, कारण त्यांची उत्तरंही पानावर जाणार होती. वायरमननं आधी मला बाजूला घेतलं. "मॅडम, नोटीस अन् गोष्ट एकाच ग्रुपवर हाय. शब्द काढला तं घोळ होईन."

"नोटिशीत वेळ असते, डीपीचं नाव असतं," मी म्हटलं. "गोष्टीत नसतं. लोक काय दुधखुळे आहेत?"

तो विचारात पडला. मग हसला. लेखकाला जेव्हा कुणी सांगतं की तुझे वाचक हुशार आहेत, तेव्हा तो जसा हसतो तसा. मी ते हसू ओळखलं आणि घाव घातला. "जगातले लोक वाचणार आहेत, भाऊ. आधीच गोष्ट म्हणून सांगितलं तर भीती कशी वाटेल?"

सभेत एकच बाई उठली. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. नाल्यापलीकडे तिचं दीड एकराचं शेत, नवरा नाही, एकटीनं कसते. ग्रुपवरची सगळ्यात फटकळ उत्तरं तिची. सुरुवातीला जेव्हा वर काही न लिहिता पहिली गोष्ट आली होती तेव्हा तिनंच वायरमनला सुनावलं होतं, "वर गोष्ट म्हनून लिवत जाय बापा, माह्या छातीत धडधड होते." तेव्हापासून तो शब्द आला होता. म्हणजे तो शब्द तिचा होता.

"मंग आता मले समजन कसं?" तिनं मला विचारलं.

"समजणार नाही, त्यातच तर मजा आहे मावशी," मी म्हटलं.

सगळे हसले. तीही हसली आणि सही करायला पुढे आली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण दुसऱ्यांबद्दल म्हणतो.

शब्द गेल्यावर गोष्टी बदलल्या. जास्त चांगल्या झाल्या, हे मला आजही नाकारता येत नाही. मेलेला वायरमन आता गावात काय काय चाललंय ते वरून सांगू लागला. "मी वर हाव. नाल्याच्या कडेनं कोनीतरी चालून राह्यलं. त्याची सावली नाई. लाईन सोडू नका." त्या दिवशी म्हणे तीन जणांनी भर दुपारी मोटारी बंद करून घर गाठलं. वायरमननं फोनवर मला हे हसत सांगितलं. पण पुढच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता.

"मॅडम, आज खरी नोटीस टाकली होती. लोकायनं तिच्यावर बी हासू पाठवलं."

"पण दांडा कोणी वर केला नाही ना?"

"नाई. पन हासले."

मी त्याला म्हटलं, वेळ टाकायला विसरू नका. आणि फोन ठेवून वहीत लिहिलं: वाचकांचा सहभाग वाढतो आहे. ती वही माझ्याकडे आहे. ते वाक्य निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात आहे, आणि खाली मी समाधानानं रेघ मारलेली आहे.

मनात कुठेतरी टोचत होतं. पान उघडलं की मीसुद्धा क्षणभर थबकायची, ही नोटीस की गोष्ट? मराठीची बाई, संपादक, आणि मला ओळखू येत नव्हतं. मग मी स्वतःलाच समजवायची, हेच तर यश. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण माझा बैल रिकामा आहे हे मला कोण सांगणार?

त्या आठवड्यात शेतीला लाईन दिवसा होती. हरभऱ्याला पाण्याची पाळी सगळ्यांची एकदमच आलेली. नाल्याकडच्या डीपीवरून जाणारी तार तीन शेतं पलीकडच्या खांबापाशी सुटली आणि वायरमनला दहा जणांचे फोन गेले. त्यानं डीपीचा दांडा खाली ओढला, गाडीवरून खांबापाशी गेला. डीपीवरून तो खांब दिसत नाही, मध्ये बाभळी आहेत. त्यानं घाईघाईत निरोप टाकला. वेळ नाही, डीपीचं नाव नाही.

"मी वर हाव. लाईन सोडू नका."

मावशी डीपीजवळच होती. पाणी अर्ध्या वाफ्यात थांबलं म्हणून बघायला आलेली. दांडा खाली दिसला, त्याला दस्ती नव्हती. फोन वाजला, तिनं निरोप वाचला आणि तिच्या नेहमीच्या तोऱ्यात उत्तर लिहिलं.

"राह्य मंग वरच. मी सोडून राह्यली."

आणि तिनं दांडा वर केला.

मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. मुख्य संपादक बाईंचा मेल आला. त्या तिकडे पहाटे उठून पानावर नजर ठेवायच्या. आजची देवाणघेवाण ही संपूर्ण संकलनातली सर्वोत्तम आहे, असं त्यांनी लिहिलं होतं, त्या बाईंचं उत्तर तर थरारक आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी तो मेल मोठ्यानं मराठीत करून सगळ्यांना वाचून दाखवला. मावशीचं उत्तर तर मी तिचा आवाज काढून वाचलं. सगळे हसले. मीही पोट धरून हसले. त्या वेळी तो हरभऱ्यात पडलेला होता.

शिपायाला घरून फोन आला. तो आत आला आणि म्हणाला, "मॅडम, वायरमनले खांबावर करंट लागला." 

वाशीमहून त्याला अकोल्याला हलवलं. जीव वाचला. हात गेला, तोही उजवा, ज्याच्या अंगठ्यानं तो लिहायचा. मी अकोल्याला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दवाखान्याच्या फाटकावरून परत आले. आत जायची हिंमत झाली नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती, की तो मला बघून हसेल.

गावानं आपल्या पद्धतीनं प्रकरण मिटवलं. मुळात त्यानं खांबावर चढणंच नियमात बसत नव्हतं, त्यामुळे चौकशी कुणालाच नको होती. कुण्या अनोळखी वाटसरूनं दांडा वर केला, असं ठरलं. ग्रुप चालवणाऱ्यानं त्या दिवसाचे सगळे निरोप सगळ्यांच्या फोनवरून पुसले. कुणी मावशीला काही बोललं नाही. तिच्या अंगणात मात्र कुणी बसायलाही येईना. गावात त्या दिवसाचा एक शब्द उरला नाही. उरला तो फक्त आमच्या पानावर, कितीतरी भाषांमध्ये, तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरासकट.

फेब्रुवारीत मावशी माझ्या घरी आली. वाशीमला ती कोर्टाच्या आणि दवाखान्याच्या कामापलीकडे कधी आली नसेल. दारात उभी, पायातली चप्पल हातात घेतलेली. मी आत बोलावलं तरी खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली.

"बाई, पुन्यातल्या भाच्यानं तुमचं ते पान पाह्यलं," ती म्हणाली. "माह्यं लिवलेलं तथी हाय म्हनते. काढा ते. गावानं पुसलं, तुमी बी पुसा."

मी तिला म्हटलं, मावशी, चूक माझी आहे, तो शब्द मी काढायला लावला.

"तुमी शब्द काढला," ती म्हणाली, "पन हासली मी ना. हासत हासत दांडा वर केला म्या. हासत होती वो बाई मी." आणि ती रडायला लागली. मीही रडले. दोघी जमिनीवर बसून रडलो, एकमेकींना हात न लावता.

पान गोठवायला पंधरा दिवस होते. मी त्याच दिवशी मेल लिहिला असता तर तो दिवस पानावरून गेला असता. मला त्याचं काही वाटलं नसतं, उलट सुटल्यासारखं झालं असतं, कारण त्याच्याबरोबर माझंही पुसलं गेलं असतं. पण ते लिखाण त्याचं होतं. लेखकाला न विचारता शब्द काढायचा नाही, हे शहाणपण मला आता सुचलं.

मग मी गेलेच. तो अंगणात बाजेवर उन्हात बसला होता. शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. बायको पलीकडे तुरी पाखडत होती. मी आधी माझं सांगून टाकलं, एका दमात: शब्द परदेशातल्या बाईंनी सुचवला, पण मला तो आधीपासूनच नको होता, तुम्ही नको म्हणत असताना मी तुम्हाला फुगवलं.

"मले बी आवडलंच होतं ना ते," तो म्हणाला. "तुमी एकट्या कायले घेता."

मग मी म्हटलं, शेवटचा दिवस काढून टाकूया. तो म्हणाला, काहून? मी चाचरले. वाटसरूची हकीकत त्यालाही तशीच सांगितलेली होती. त्याला मावशीचं उत्तर माहीत आहे का, कुणी सांगितलं आहे का, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी नुसती पानावरून छापून आणलेले कागद हातात धरून बसले. त्यानं डावा हात पुढे केला आणि कागद घेतले. शेवटचं पान काढून वाचलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मले माईत हाय," तो म्हणाला. "वाटसरू नाई न् फाटसरू नाई. मी तवाच वाचलं होतं हे."

"कधी?"

"वर चढल्यावर. खिशात फोन वाजला. म्हटलं पाहू. मावशीचं होतं. वाचलं अन् मले बी हासू आलं. म्हटलं मावशी रंगात हाय आज. अन् हात वर केला तारेले."

पाखडण्याचा आवाज थांबला.  ज्यानं दांडा खाली ओढला होता, ज्यानं नोटीस लिहिली होती, तोही तिचं उत्तर गोष्टीतलंच समजला होता.

"काढू नका," तो म्हणाला. "काढलं तं गाव म्हनन का तिनं जानून केलं म्हनून काढलं. गाव गप हाय, पन इसरत नाई. त्याच्या खाली माह्यं लिवा." त्यानं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. तीनच वाक्यं होती. "मावशीचं वाचलं. मले बी हासू आलं. मंग हात वर केला."

"यावर गोष्ट म्हणून लिहायचं?" मी विचारलं. मी ठरवलंच होतं की गोठवायच्या आधी प्रत्येक गोष्टीवर तो शब्द परत घालायचा.

"बाकीच्यायवर लिवा. याच्यावर नका लिवू," तो म्हणाला आणि उन्हाकडे तोंड करून बसला.

मी निघाले तेव्हा त्याची बायको फाटकापर्यंत आली. याआधीही मी त्या घरी गेले होते, पण ती माझ्याशी कधी चार शब्दांपेक्षा जास्त बोलली नव्हती. हातातलं सूप तिनं पोटाशी धरलं होतं.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "फोन त्यायच्या खिशात नव्हता. वर चढताना ते फोन घेऊन नाई जात. गाडीच्या डिक्कीत होता, म्याच काढला संध्याकाळी. मावशीचं ते उघडलेलं बी नव्हतं."

मी पिशवीतला कागद पुन्हा बाहेर काढला.

"पन तुमी लिवा," ती म्हणाली. "ते म्हनतेत तसंच लिवा. अन् मावशीले आजच सांगा."

ती आत गेली. गल्लीत ऊन तापलं होतं, मी फाटकाशी तशीच उभी होते. मागच्या वेळी मी याच गावात उभं राहून, गोष्टीवर गोष्ट लिहू नका असं सांगितलं होतं. मला फार राग आला, कुणाचा ते माहीत नाही. आणि मग त्या माणसाबद्दल माया दाटून आली.

मावशी आता ग्रुपवर नाही, फोन भाच्याला देऊन टाकला आहे, आणि कुणी वाचून दाखवायला लागलं तर उठून जाते. म्हणून मी हे इथे लिहायला धजावले. त्या दिवशी ती ओट्यावर एकटी बसली होती. मी शेजारी बसले आणि कागद काढून तिला ती तीन वाक्यं वाचून दाखवली.

तिनं माझं मनगट धरलं. "खरंच हासला होता तो?"

"हो," मी म्हटलं.

"त्यानं सोता सांगतलं? हासला म्हनून?"

"हो मावशी. मी त्याच्याच तोंडून ऐकलं."

 तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हाही मी हो म्हटलं. मग तिनं मनगट सोडलं, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, बसा, च्या करते.